बुकमार्क जमवताय? मग या चुका टाळा

नव्याने बुकमार्क जमवायला लागलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “लॅमिनेट करून घेऊ का?” नको. अजिबात नको.

बुकमार्कची निम्मी मजा हाताला कळते. जाड कागदावर खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईने उमटलेला खळगा, डाय मारून कापलेली कड, सोनेरी वर्खाची अक्षरं, खरखरीत हातकागद. लॅमिनेशनच्या यंत्रात शंभर अंशांहून जास्त तापमानाला चिकट थर वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. उठाव चेपला जातो, खळगे बुजतात, आणि पुढे कुणालाही तो थर कागद न फाडता काढता येत नाही. पावतीसारख्या थर्मल कागदावर छापलेला बुकमार्क तर यंत्रातून काळाठिक्कर होऊन बाहेर येतो. शिवाय कागदात मुळातच आम्ल असेल तर आतल्या आत तो पिवळा पडतच राहतो. म्हणजे जपणूकही होत नाही आणि वस्तूही हातची जाते.

आमचा नियम साधा आहे: उद्या जसंच्या तसं मागे घेता येईल तेवढंच आज करायचं. लॅमिनेशन, डिंक, चिकटपट्टी, छिद्र पाडणं, कडा “सरळ” कापणं, हे सगळं या एका नियमाने बाद होतं. चिकट रेघांच्या पानांवर प्लॅस्टिकचा पडदा असलेले जुने फोटो अल्बमही बाद. त्यात आधीच अडकलेला बुकमार्क ओढून काढू नका. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस त्याच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या.

मग ठेवायचे कशात?

नेहमीचा कागदी बुकमार्क साधारण ५ × १५ सेंटीमीटरचा असतो, काही १८ ते २० पर्यंत जातात आणि झालर असलेला चामडी त्याहूनही लांब असू शकतो. तरी लोक पत्त्याएवढ्या कार्डांसाठीची नऊ खिशांची पानं आणतात, मग बुकमार्क त्यात बसावा म्हणून दुमडतात. एकदा पडलेली घडी जात नाही. नोटा जमवणारे वापरतात ती तीन आडव्या खिशांची पानं घ्या, बहुतेक बुकमार्क त्यात आरामात बसतात. एका खिशात एकच. पाठ महत्त्वाची नसेल तर मागे आम्लरहित कार्ड सरकवा, म्हणजे तो वाकत नाही.

पान पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं हवं. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि छपाईची शाई प्लॅस्टिकला चिकटते. पाकिटावर कशाचं आहे हे लिहिलेलंच नसेल तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. या छंदात पैसे वाचवायच्या जागा पुष्कळ आहेत, ही त्यातली नाही.

सगळं एकाच डब्यात

ही चूक सर्वात महागात पडते आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. टपाल तिकिटं जमवणाऱ्याला एक कागद सांभाळला की झालं. बुकमार्क मात्र कागद, रेशीम, चामडं, चांदी, पितळ, लाकूड, सेल्युलॉइड अशा कशाचाही असतो आणि हे सगळे एकमेकांशी पटवून घेत नाहीत.

प्रकार साधारण असा घडतो. संग्रहात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जाहिरातीचे एक-दोन बुकमार्क येतात: पातळ, हस्तिदंती रंगाचे, वर फुलं छापलेली, पानाला अडकवायला मध्ये कापलेली जीभ. दिसायला फार देखणे. मालक हौसेने ते पितळी आणि कागदी बुकमार्कांबरोबर हवाबंद डब्यात ठेवतो आणि डबा कपाटावर जातो. काही वर्षांनी झाकण उघडलं की नाकाला झोंबणारा वास येतो. हस्तिदंती रंग गडद पिवळा झालेला, पृष्ठभाग चिकट, आत जाळीसारख्या भेगा. पितळेवर हिरवा थर. आणि शेजारच्या कागदावर नेमक्या त्याच फुलाच्या आकाराचा तपकिरी डाग, बोट लावलं तर तुकडा पडेल इतका ठिसूळ.

ते सेल्युलॉइड होतं, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. त्याचं विघटन होताना नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं, आणि तेच आम्ल विघटनाचा वेग वाढवतं. हवाबंद डब्यात हा वायू कोंडला जातो आणि शेजाऱ्यांनाही खातो.

म्हणून सेल्युलॉइडचा प्रत्येक बुकमार्क आम्लरहित कागदी पाकिटात, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाकी संग्रहापासून दूर, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. दर तीन महिन्यांनी बघा. घाम सुटल्यासारखे थेंब किंवा वास आला तर फोटो काढून त्याला संग्रहाबाहेर काढा, हळहळ वाटली तरी. ओळखायचं असेल तर अंगठ्याने जरा वेळ घासा, कापराचा वास येतो. तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड क्षणात पेट घेतं.

रेशमी बुकमार्क धुणं

१८६० च्या व्यापारी करारानंतर फ्रान्सचं रेशीम इंग्लंडमध्ये करमुक्त येऊ लागलं आणि कोव्हेंट्रीचा फितींचा धंदा बसला. तिथल्या टॉमस स्टीव्हन्सने विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्ड मागावर रंगीत चित्रं आणि मजकूर विणलेल्या फिती काढल्या. १८६२ च्या सुमाराला आलेले हे बुकमार्क पुढे ‘स्टीव्हनग्राफ’ नावाने संग्राहकांच्या गळ्यातले ताईत झाले. भिंगाखाली पाहिलं तर छपाई कुठेच नाही, चेहऱ्यावरची सावलीसुद्धा धाग्यांनीच आलेली. ते एकदा नीट बघितलेला माणूस या छंदातून सहसा बाहेर पडत नाही.

आणि अशी फीत मळकी मिळाली की उतावळा माणूस काय करतो? कोमट पाणी, दोन थेंब साबण. पहिल्या मिनिटात लाल रंग पांढऱ्या जमिनीत उतरतो, कारण त्या काळचे कितीतरी रंग पाण्यात पक्के नसतात. वाळताना ताणा आणि बाणा वेगवेगळे आटतात आणि फीत चुण्या पडून तिरकी होते. मग इस्त्री फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाला वजन यावं म्हणून त्यात धातूंचे क्षार भरायची पद्धत होती. असं रेशीम म्हातारपणी मुळातच ठिसूळ असतं, ते घडीवर सरळ चिरतं.

करायचं एवढंच: फीत टीपकागदावर पसरा, वर बारीक जाळी धरा आणि जाळीवरून मऊ ब्रशने धूळ उचला. राहिलेला डाग राहू द्या. गुंडाळू नका, घडी घालू नका, सपाट ठेवा. खालचं टोकदार टोक आणि गोंडा जीर्ण झालाय म्हणून कापूही नका. स्टीव्हन्सचं नाव बहुधा दुमडलेल्या टोकाच्या पाठीलाच विणलेलं असतं. ते गेलं की फीत निनावी होते, आणि कोव्हेंट्रीत अशा फिती विणणारे इतरही होते.

बाकीच्या, थोडक्यात

चांदीचा बुकमार्क टूथपेस्टने घासू नका. दर वेळी धातूचा थर जातो आणि आधी झिजतात ते हॉलमार्क. मऊ सुती कापड पुरे.

रबरबँड नको. त्यातलं गंधक चांदी काळी करतं आणि रबर वितळून कागदाला चिकटतं. लोखंडी क्लिपही नको, दमट हवेत ती गंजाची खूण सोडते.

चामड्याला तेल लावू नका.

चुंबकाचे बुकमार्क एकमेकांवर रचू नका, ओढून सोडवताना छपाई खरवडते. मध्ये कार्ड घाला.

उन्हाच्या भिंतीवर चौकट टांगू नका. उडालेला रंग परत येत नाही. मांडायचंच असेल तर रंगीत प्रत मांडा.

मागे बॉलपेनने क्रमांक घालणारे अजूनही भेटतात. शाई झिरपते, टोकाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. २बी पेन्सिलने, हलक्या हाताने, कोपऱ्यात लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर क्रमांक खिशातल्या कार्डावर.

जुना समजून नवा घेणं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रंगीत जाहिराती दगडी छापाच्या, क्रोमोलिथोग्राफीच्या असतात. त्यांच्या नकला भरपूर फिरतात. दहापट भिंगातून बघा: जुन्या छापात ठिपके वेडेवाकडे, हाताने दिलेले दिसतात आणि रंग एकावर एक सपाट थरांत बसलेले असतात. नव्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांची नियमित फुलं दिसतात. दुसरी चाचणी अतिनील टॉर्चची. कागदाला शुभ्र करणारी चकाकती रसायनं साधारण १९५० नंतर रुळली. अंधारात कागद निळसर पांढरा झगमगला तर ‘१८९० चा’ बुकमार्क परत करा. मात्र तो झगमगला नाही म्हणजे जुनाच, असं धरू नका, कारण आजही तशा रसायनांविना कागद बनतो.

नोंद न ठेवणं

शंभर बुकमार्कांचा गठ्ठा एकदम विकत घेऊन “माझ्याकडे शंभर आहेत” म्हणायची घाई आम्हाला कधीच कळलेली नाही. त्यातला एकही कुठून आला हे सांगता येत नाही. जुन्या पुस्तकात सापडलेला एक साधा, कोपरा मुडपलेला बुकमार्क त्याहून मोलाचा, कारण तो कुणाच्या तरी वाचण्याची खूण असतो. तो उपसून काढायच्या आधी पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि तो कोणत्या दोन पानांमध्ये होता हे टिपा. पानावर त्याची सावली उमटली असेल तर तिचाही फोटो घ्या, किती काळ तो तिथे होता याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मग वहीत एक ओळ: क्रमांक, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कशाचा बनलाय, छापणारा किंवा विणणारा, कुठे मिळाला, कधी. ज्या दिवशी हाती आला त्याच दिवशी. “नंतर सगळं एकदम लिहू” म्हटलेल्या नोंदी होत नाहीत.

विषय ठरवा, पण पहिल्या आठवड्यात नको. पन्नासेक जमू द्या. आपला हात पुन्हा पुन्हा कुठे जातो ते तेव्हा कळतं: ग्रंथालयांचे, प्रकाशकांचे, पक्ष्यांचे, भरतकामाचे. दुकानातून किंवा ग्रंथालयातून फुकटचे घेताना दोन घ्या, एक संग्रहाला, एक अदलाबदलीला. मूठभर उचलू नका, पुढच्या वाचकालाही हवे असतात.

अदलाबदलीचे बुकमार्क नुसत्या पाकिटात टाकून पाठवू नका, टपालाच्या यंत्रात ते वाकतात. आधी पॉलिप्रॉपिलीनच्या खिशात. मग नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे बुकमार्कपेक्षा चहूबाजूंनी एक सेंटीमीटर मोठे कापा, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे तो कुठल्याच दिशेने वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्यांच्या कडांना लावा, खिशाला नाही. गोंडा असेल तर तो टिश्यूच्या छोट्या गुंडाळीत सरळ करून बुकमार्कच्या वर नाही, बाजूला ठेवा. वर ठेवला तर पोचेपर्यंत त्याचा ठसा उमटतो.