सह्याद्रीत धावायचे शूज घेताना या चुका टाळा

ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर धावायच्या शूजची बहुतेक परीक्षणं लिहिली जातात ती आल्प्समधल्या पायवाटा, इंग्लंडचे ओले गवताळ डोंगर नाहीतर अमेरिकेतल्या जंगलवाटा समोर ठेवून. मुंबईतला धावणारा ती वाचतो, दहा हजारांच्या वर पैसे मोजतो, रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडतो आणि उतरतो कुठे, तर काळ्या कातळाच्या देशात. भिवपुरीहून गार्बेटच्या पठारावर चढताना सगळं झकास असतं. उतरताना पाय सरकायला लागतात आणि शिव्या कंपनीला बसतात. शूज बहुधा चांगलेच असतात, फक्त ते या जमिनीसाठी केलेले नसतात.

म्हणून आधी जमिनीचं बोलू. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. हा बेसॉल्ट कोरडा आणि बारीक छिद्रांचा, खडबडीत असेल तर साध्या शूजनाही धरून ठेवतो. तोच ओढ्याच्या पात्रात घासून घासून गुळगुळीत झालेला असतो. किल्ल्यांच्या कोरीव पायऱ्याही शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजलेल्या असतात. माथेरानला वर जांभा आणि लाल धूळ. जुलैत पायथ्याच्या भातखाचरांच्या बांधांवर चिकट चिखल. पावसाळा सरून डिसेंबर उजाडला की उतारांवर घसारा: खाली टणक माती आणि वर सुटा मुरूम, कॅरमबोर्डावर पावडर टाकल्यासारखा. या सगळ्यांवर सारखाच चालेल असा एकही जोड बाजारात नाही. त्यामुळे 'सगळ्यात चांगला शूज कोणता' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आपण कोणत्या महिन्यात आणि कुठे जास्त धावतो, ते आधी ठरवायचं.

दात खोल म्हणजे पकड जास्त, ही समजूत

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शूज उलटा करून बघायची आपल्याला सवय असते आणि तळाचे दात जितके टोकदार, तितका तो डोंगराचा वाटतो. सॅलोमनचा स्पीडक्रॉस घ्या. बाणाच्या आकाराचे खोल, सुटेसुटे दात, मऊ आणि चिखलाच्या जमिनीसाठी केलेले. बांधावर किंवा ओल्या मातीच्या उतारावर हे दात रुततात आणि त्यांच्यामधली जागा मोकळी असल्यामुळे चिखल गळूनही पडतो. त्या कामाला तो उत्तमच. पण कातळात रुतणार काय? तिथे पकड दोन गोष्टींवर ठरते: रबराचा किती भाग दगडाला टेकतो आणि ते रबर किती मऊ आहे. खोल, सुट्या दातांची फक्त टोकं टेकतात, अंगाचं वजन पडलं की दात वाकतात आणि पाऊल ठाम बसत नाही. कळसूबाईसारख्या ठिकाणच्या लोखंडी शिड्यांवर असे दात पायरीच्या कडेला अडकतात, ते वेगळंच.

ढोबळमानाने ३ मिलिमीटरपर्यंतचे दात कोरड्या, टणक वाटांना पुरतात, ४-५ मिलिमीटरचे बहुतेक सगळीकडे निभावतात आणि ६ किंवा त्याहून जास्त खोलीचे चिखलासाठीच ठेवावेत. मुंबईतल्या माणसाला एकच जोड परवडणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ४ मिलिमीटरच्या आसपासचे, रुंद माथ्याचे, जरा दाट बसवलेले दात आणि मऊ रबर. जूनमध्ये चार वेळा चिखलात घसरगुंडी झाली तरी चालेल; वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत कातळावर आणि घसाऱ्यावर हाच तळ उपयोगी पडतो. एरवी लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या लांबलचक कच्च्या रस्त्यावर खोल दात नुसते ओझं होतात.

रबराकडे मात्र कुणी बघत नाही. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने १९३५ साली डोंगरात सहा साथीदार गमावले. त्या अपघाताला पायांतली अपुरी पादत्राणंही कारणीभूत होती. १९३७ मध्ये त्याने दाते असलेला रबरी तळ आणला आणि तोच पुढे व्हायब्रम म्हणून जगभर गेला. आज पिवळं अष्टकोनी चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण व्हायब्रमचीही रबरं अनेक आहेत. काही झिजू नयेत म्हणून टणक केलेली, काही ओल्या दगडावर धरावं म्हणून मऊ. ओल्या-कोरड्या दोन्हींसाठी मेगाग्रिप हे नाव शोधावं. इतर कंपन्यांचीही स्वतःची चांगली रबरं आहेत. दुकानात तळावर अंगठ्याचं नख दाबून बघा, जरासं दबलं तर बरं. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दोन जोडांतला फरक तिथल्या तिथे कळतो.

आणि हिरव्या, बुळबुळीत शेवाळावर जगातलं कुठलंही रबर धरत नाही, कारण तळ दगडाला टेकतच नाही. तिथे शूज बदलून उपयोग नाही, चाल बदलावी लागते: पावलं छोटी, वजन पायाच्या बरोबर वर आणि गरज पडली तर लाज न बाळगता बसून उतरणं.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ घेणं

तर्क सरळ वाटतो. मुंबईत पाऊस, घाटात त्याहून जास्त, तेव्हा पाणी आत येऊ न देणारे शूज हवेत. पण पाणी वरच्या कापडातून येतं त्याहून जास्त घोट्यापाशी असलेल्या तोंडातून येतं. पायावरून ओघळत येतं आणि पहिल्या ओढ्यात तर भसकन आत शिरतं. साध्या जाळीच्या शूजमधून ते पन्नास पावलांत बाहेर फेकलं जातं. वॉटरप्रूफ पडदा असलेल्या शूजमधून ते जाणार कुठून? तुम्ही दिवसभर पाणी वाहून नेता, कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि मग सोलवटते. गोअरटेक्ससारखा पडदा थंड, कोरड्या हवेत किंवा हिमाच्या वाटेवर कामाचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच्या आत पाय शिजतो.

पावसात पाय ओले होणार, हे धरूनच चालावं. पाणी लगेच बाहेर जाईल अशी जाळी, आत फोमचा जाड कॉलर नको (तो स्पंजागत पाणी धरतो), सुती मोज्यांऐवजी सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे मोजे आणि निघण्यापूर्वी बोटांच्या मध्ये, टाचेला व्हॅसलीन. एवढं केलं तर पुरेसं.

जाळी अगदी मोकळी मात्र घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत वाळलं की कुसळं जाळीतून मोज्यात आणि मोज्यातून पायात शिरतात. या एका छळाबद्दल परदेशी परीक्षणं अवाक्षर काढत नाहीत. दाट विणीची जाळी आणि घोट्यावर बसणारा कापडी गेटर हा त्यावरचा उपाय. गेटरमुळे घसाऱ्यावरचे खडेही आत येत नाहीत.

रोजच्या चपलेचा नंबर सांगून शूज आणणं

डोंगरात नखं काळी पडतात ती चढताना नव्हे, उतरताना. प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि बोटं शूजच्या नाकावर आपटतात. हरिश्चंद्रगडावरून एकदा धावत उतरलात की हजारो वेळा. म्हणून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. लांब बोट प्रत्येक वेळी अंगठाच असतो असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन पायही अगदी सारखे नसतात. मोठ्या पायाला माप घ्यावं.

भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन, युरोपीय नंबरांच्या गोंधळात शिरू नका. कागदावर उभं राहून पावलाची रेघ मारा, सेंटिमीटरमध्ये लांबी मोजा आणि कंपनीच्या तक्त्यातल्या सेंटिमीटरशी जुळवा. हे माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय सुजतो. ऑफिसातून लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेला मुंबईकराचा पाय या कामाला अगदी योग्य असतो.

लांबी जुळली तरी रुंदी राहतेच. चपलेत वाढलेले आपले पाय पुढे बऱ्याचदा पसरट असतात आणि युरोपीय साचे पुढे निमुळते. करंगळीच्या बाजूला दाब आला की लोक एक नंबर मोठा घेतात. मग टाच सैल होते आणि फोड तिथे येतात. त्याऐवजी रुंद साचा मागा. पुरुषांमध्ये डी ही नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद. बायकांच्या शूजची नेहमीची रुंदी बी असते, त्यामुळे पाऊल रुंद असेल तर पुरुषांच्या मापाचा जोड घालून बघायला काहीच हरकत नाही. सेल्समनने 'वापरून सैल होतील' म्हटलं तर नुसती मान हलवावी. चामडं सैल होतं, आजच्या कापडी शूजच्या पुढच्या भागावर बाहेरून रबरी कवच चिकटवलेलं असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही.

दुकानात सपाट फरशीवर चार येरझाऱ्या घालून काही कळत नाही. मोजे स्वतःचे न्या, लेस नीट बांधा आणि उतार शोधा: मॉलमधला रॅम्प, पार्किंगचा उतार, तेही नसेल तर जिन्याच्या पायऱ्या. उतरताना बोटं पुढे टेकली तर तो जोड तिथेच ठेवून यायचा.

जाड फोम आणि शून्य ड्रॉप

होका ही शूजची कंपनी २००९ साली आली आणि तिच्या मागोमाग जाड फोमची लाट आली. लांब पल्ल्याला गुडघे-मांड्यांना त्याचा आराम असतो, नाकारायचं कारण नाही. पण पाऊल जमिनीपासून जितकं वर, तितका घोटा मुरगळायला वाव जास्त. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या धोंड्यांच्या घळीत पायाखाली काय आहे हे कळणं गरजेचं असतं आणि जाड फोम नेमकं तेच लपवतो. टोकदार दगडांची भीती असेल तर मध्यम जाडीचा फोम आणि तळात पातळ रॉक प्लेट (दगड टोचू न देणारा कडक थर) ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते.

टाच आणि पंजा एकाच उंचीवर ठेवणारे शून्य ड्रॉपचे शूज, उदाहरणार्थ आल्ट्राचा लोन पीक, बोटांना ऐसपैस जागा देतात, म्हणून पसरट पायांचे लोक त्यांच्या प्रेमात पडतात. मात्र १० मिलिमीटर ड्रॉपच्या रोड शूजमधून थेट त्यांत उडी मारली तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंबलते. काही आठवडे आधी चालण्यासाठी, मग छोट्या पल्ल्याला, असं हळूहळू.

एकच जोड डांबरावर आणि डोंगरावर

आठवडाभर मरीन ड्राइव्ह, शनिवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता आणि रविवारी डोंगर, सगळं ट्रेल शूजमध्ये. मऊ रबर डांबरावर खोडरबराच्या गतीने झिजतं. सरावासाठी जुने रोड शूज ठेवा. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या नावात हिल असलं तरी ती घाटरस्त्याने जाते, तिथे ट्रेल शूज लागतच नाहीत. उलट सिंहगड-राजगड-तोरणा असल्या पल्ल्याला रोड शूज नेणं म्हणजे पाय दगडांच्या हवाली करणं. फर्स्ट कॉपीबद्दल, म्हणजे हुबेहूब नकली शूजबद्दल एकच वाक्य: वरचं चिन्ह हुबेहूब असतं, तळाचं रबर नसतं. त्यापेक्षा हजार-दीड हजाराचे देशी ट्रेकिंग शूज चालण्यासाठी कितीतरी बरे. फक्त त्यांत वीस किलोमीटर धावू नका, फोम नावालाच असतो.

शूज घेऊन झालेत आणि त्रास होतोय?

फेकण्याआधी लेस बघा. टाच उचलली जात असेल तर वरचं, बहुतेक जण रिकामंच सोडतात ते भोक वापरा: लेस त्याच बाजूच्या भोकात घालून छोटा फास करायचा, समोरची लेस त्या फासातून ओवायची आणि मग गाठ. टाच मागे घट्ट बसते, नखंही बरीचशी वाचतात. बोटं बधिर होत असतील तर पावलाच्या वर लेस जास्त आवळली आहे. जिथे दाब येतो तिथली एक फुली सोडून सरळ वर ओवा. दर वेळी एकाच जागी फोड येत असेल तर आतली शिवण बोटाने चाचपा आणि मोजे बदलून बघा. पकड अचानक गेली असेल तर पंजाखालचे दात बघा, आधी तेच झिजतात. फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून बसतो. वरून शूज नवा दिसतो, पण एरवी न दुखणारे गुडघे उतारावर दुखायला लागतात.

मुंबईच्या दमटपणाने मरणारे शूज वेगळेच. चिखलाचे शूज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोमवारी ऑफिस, मग गुरुवारी बुरशी. आल्याआल्या साध्या पाण्याने धुवा, इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन-तीन तासांनी बदला. पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही, गोंद सुटतो. कपाटात वर्षभर पडून राहिलेला जोड मोहिमेच्या आदल्या रात्री काढू नका. दोन आठवडे आधी काढा, पंजापाशी दुमडून तळाची कड बघा. बारीक फट दिसली तर मोच्याकडून सोल चारी बाजूंनी शिवून घेता येतो, त्या टाक्यांतून पाणी आत येतं आणि दगडांवर दोराही झिजतो, त्यामुळे शिवलेला जोड जवळच्या येऊरच्या वाटांसाठी ठेवा. लांबच्या वाटेवर सॅकमध्ये सुतळीचा एक तुकडा असू द्या. सोल वाटेतच उघडला तर पंजा आणि मधला भाग अशा दोन जागी तळाखालून आवळून बांधायचा, गाठ वरच्या बाजूला घ्यायची आणि चालत उतरायचं.