मास्कआडचा चेहरा वाचताना स्त्री-पुरुष भेदाला किती महत्त्व द्यावे?

मास्क लावलेल्या माणसाच्या मनातले ओळखायचे असेल, तर मास्कने नेमके काय झाकले आहे हे आधी लक्षात घ्यावे, कारण नाक आणि ओठ दिसेनासे झाले तरी सगळ्याच भावना सारख्या प्रमाणात लपत नाहीत. जर्मनीतील बामबर्ग येथील मानसशास्त्रज्ञ क्लाउस-क्रिस्टियान कार्बोन यांनी २०२० मध्ये ४१ जणांना मास्क असलेल्या आणि नसलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्यात भीती ओळखण्यात फारसा फरक पडला नाही. किळस मात्र वारंवार राग समजली गेली, आणि आनंद, दुःख व राग असलेले चेहरे अनेकांना निर्विकार वाटले.

म्हणून सुरुवात भुवयांपासून करावी. भुवया वर उचललेल्या आणि एकमेकींकडे ओढलेल्या असून डोळे विस्फारलेले असतील, तर ती बहुधा भीती असते. भुवयांची आतली टोके तेवढी वर चढलेली असतील, तर दुःखाची शक्यता धरावी. भुवया खाली आल्या असतील, तर मात्र घाईने राग ठरवू नये. किळस ओळखण्याच्या मुख्य खुणा म्हणजे आक्रसलेले नाक आणि वर ओढलेला वरचा ओठ. त्या दोन्ही झाकल्या गेल्यावर उरलेली आठी रागासारखीच दिसते. अशा वेळी माणूस कशाकडे पाहतो आहे आणि मागे सरतो आहे की पुढे येतो आहे, हे पाहिल्यास उलगडा लवकर होतो.

हसू ओळखण्यासाठी खालच्या पापणीकडे पाहावे. मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू आकुंचन पावतो, त्यामुळे पापणीखालचा भाग फुगतो आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच ही खूण नोंदवली होती. उपचारापुरते स्मित ओठांतच संपते, म्हणजे मास्कआड ते जवळजवळ नाहीसेच होते. शिष्टाचार म्हणून हसणारा माणूस त्यामुळे उगाच तुसडा ठरतो.

आता स्त्री-पुरुष भेदाकडे वळू. भावना ओळखण्यात स्त्रिया सरासरीने थोड्या सरस ठरतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जूडिथ हॉल यांनी १९७८ मध्ये ७५ अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले होते. मास्कच्या संदर्भात अधिक जवळची चाचणी म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रांवरून मनःस्थिती ओळखण्याची, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांची ३६ प्रश्नांची चाचणी. ५७ देशांतील तीन लाखांहून अधिक लोकांनी ती सोडवली, तेव्हा एकाही देशात पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा लक्षणीयरीत्या वरचढ निघाली नाही. तरीही या सरासरीवरून समोरच्या एका व्यक्तीची पारख करणे चुकीचे ठरते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला एकूण फरक इतका लहान होता की, सहज निवडलेल्या एका स्त्रीने सहज निवडलेल्या एका पुरुषापेक्षा जास्त गुण मिळवण्याची शक्यता त्या हिशेबाने जेमतेम ५५ टक्के येते. नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त. शिवाय २००१ मधील एका प्रयोगात, दुसऱ्याचे विचार व भावना अचूक ओळखण्यासाठी पैसे देऊ केल्यावर स्त्री-पुरुषांतील तफावत उरली नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे, कारण तो लक्ष देण्याच्या इच्छेकडे बोट दाखवतो आणि ती इच्छा वाढवता येते.

त्यामुळे चेहरे वाचण्याचे काम ‘बायकांना ते बरोबर कळते’ असे म्हणून स्त्री सहकाऱ्यावर ढकलू नये, आणि आपण स्त्री आहोत म्हणून आपला अंदाज पडताळल्याविना खराही मानू नये. आवाजातील चढउतार, खांद्यांचा ताण आणि हातांची हालचाल यांच्याशी तो ताडून पाहावा. तरीही शंका राहिली, तर ‘तुम्हाला हे पटलेले दिसत नाही, माझा अंदाज बरोबर आहे का?’ असे सरळ विचारावे. आपल्या तोंडावर मास्क असेल, तर आपला आनंद किंवा आभार शब्दांत सांगावेत, कारण समोरच्याच्या वाट्यालाही आपल्या भुवया आणि डोळेच आलेले असतात.