दोन हजारांच्या आसपास घडीचा चाकू भेट द्यायचाय? मग हे बघून घ्या

घडीचा चाकू भेट द्यायचा ठरला की बरेच जण दुकानात जाऊन जास्तीत जास्त अवजारं असलेला उचलतात. झाकण उघडणारं, स्क्रू फिरवणारं, छोटी करवत, वर होकायंत्र, शेपटीला टॉर्च, आणि हे सगळं सहाशे रुपयांत. पण सहाशे रुपये पंधरा अवजारांत वाटले की एकाच्याही वाट्याला धड पोलाद येत नाही. पैसे मोजके असतील तर एकच पातं घ्या, फार तर दोन. मात्र पोलाद कोणतं ते ठाऊक हवं आणि पात्याला पाणी नीट दिलेलं हवं, म्हणजे ते तापवून-विझवून नीट कठीण केलेलं हवं.

त्याआधी, ज्याला द्यायचा तो माणूस काय कापतो ते आठवा. कुरिअरची टेप, दुधाची पिशवी, सदऱ्याचा लोंबता दोरा एवढंच असेल तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ‘क्लासिक’ पुरतो. मिटलेला 58 मिलिमीटर, वजन वीसएक ग्रॅम. त्यात छोटं पातं, कानस, चिमटा, दातकोरणं आणि कात्री. चाकू म्हणून घेतलेल्या या वस्तूतली कात्रीच जास्त वापरली जाते, आणि ती खरंच चांगली चालते. पेरू, सफरचंद, ट्रेकला काकडी-कांदा कापणारा असेल तर त्याला हे पातं तोकडं पडेल. त्याच्यासाठी ओपिनेल. बागायतदार असेल तर दोन्ही सोडा, त्याच्याबद्दल पुढे. आणि सुपारी कातरणारे आजोबा असतील तर त्यांना अडकित्ताच द्या. सुपारीवर घडीचा चाकू दाबला की पात्याची बिजागरी ढिली होते, नाहीतर धारेचा कपचा उडतो.

ओपिनेल हा फ्रान्समधल्या सव्हॉय या डोंगराळ भागातला शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ओपिनेल यांनी तो 1890 मध्ये बनवायला घेतला आणि आजही त्याची रचना फारशी बदललेली नाही. बीच लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा आणि वर पोलादी कडी. ही फिरती कडी 1955 मध्ये आली. कडीला एक फट असते. फट पात्यासमोर आणली की पातं उघडतं-मिटतं, कडी थोडी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या चाकवांत ती मिटलेलं पातंही अडवते, म्हणजे पिशवीत आपोआप उघडायची भीती नाही. मापांना आकडे आहेत. भेटीसाठी 8 नंबर घ्यावा: पातं साडेआठ सेंटिमीटर, मिटल्यावर 11 सेंटिमीटर. हात लहान असेल तर 6 नंबर. मुलांसाठी गोल टोकाचा वेगळा 7 नंबर मिळतो.

क्लासिक आणि 8 नंबर दोन्ही साधारण दोन हजारांच्या आसपास येतात, दुकानागणिक भाव हलतो. त्याशिवाय तीन-चारशे धारेच्या दगडासाठी बाजूला काढता आले तर उत्तम. दगडाशिवाय दिलेला चाकू सहा महिन्यांत टेपसुद्धा फाडत फाडत कापतो.

ओपिनेलमध्ये दोन पोलादं मिळतात, आणि चूक बहुतेक इथेच होते. पात्यावर ‘कार्बोन’ कोरलेलं असेल तर साधं कार्बन पोलाद, ‘इनॉक्स’ असेल तर न गंजणारं. कार्बनचं पातं दगडावर पटकन धरतं आणि धार सुरेख येते, म्हणून माहीतगार लोक तेच सुचवतात. पण मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे पावसाळ्यात ओलं ठेवलेलं कार्बनचं पातं सकाळपर्यंत तांबूस ठिपके दाखवतं. कैरी किंवा लिंबू कापलं तर पातं काळं पडतं आणि फोडीला लोखंडाचा वास येतो. तो काळा थर बिघाड नव्हे, उलट गंज थोडा रोखतो. पण ज्याला हे माहीत नाही तो माणूस चाकू खराब निघाला असं समजतो आणि तुम्हाला सांगत नाही. कापून झालं की पातं पुसायची सवय असलेल्या माणसाला कार्बन द्या. बाकी सगळ्यांना, आणि किनारपट्टीवर तर डोळे झाकून, इनॉक्स.

दुसरी अडचण लाकडाची. जुलैत दमट हवेने मूठ फुगते, पात्याची खाच आवळते आणि पातं नखाने ओढलं तरी हलत नाही. नख तुटेपर्यंत ओढू नका, पक्कड तर नाहीच. कडीची फट पात्यासमोर आणा, मूठ मधोमध धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटा. पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावतं, मग पात्याची पाठ चिमटीत धरून उघडायचं. सव्हॉयचे लोक हेच करतात. कायमचा उपाय हवा असेल तर कोरड्या दिवसांत 220 नंबरचा पॉलिश पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती आतून अगदी हलक्या घासाव्यात. मग औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कापसाने लाकडाला दोन-तीनदा चोळून रात्रभर मुरू द्यावं. फार घासलंत तर उन्हाळ्यात पातं सैल होऊन डुलतं, म्हणून दहा हात मारले की मिटून बघायचं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, ते बिजागरीत चिकट होऊन बसतं.

व्हिक्टोरिनॉक्सला ही कटकट नाही. त्याच्या साध्या चाकवांत लॉक नसतो. मुठीतली स्प्रिंगची पट्टी पात्याच्या बुडावर दाबून बसते, तेवढ्यावर पातं उघडं राहतं. म्हणून टोकाने खुपसायचं, उचकटायचं काम त्याच्याकडून घेऊ नये, पातं बोटावर मिटतं. नखाने उघडायला ही स्प्रिंग कडक लागते. बोटं आखडलेल्या आजीला किंवा नखं अगदी मुळापर्यंत कापणाऱ्याला ती त्रास देते. डावखुऱ्यालाही आधी हातात देऊन बघा, कारण नखाची खाच बहुतेक चाकवांत पात्याच्या एकाच बाजूला असते आणि ती उजव्या हाताची सोय बघून पाडलेली असते.

नकली माल व्हिक्टोरिनॉक्सच्या नावावर भरपूर येतो. मोठं पातं उघडा आणि बुडाशी, बिजागरीजवळ, बघा. अस्सल असेल तर तिथे कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ बारीक पण स्वच्छ ठसलेलं असतं. मग चाकू मिटून उजेडासमोर आडवा धरा. थरांमधून उजेडाची रेघ दिसली, लाल कव्हर आणि धातू यांच्यात नख अडकलं, कात्री दाबून सोडल्यावर आपणहून उघडली नाही, तर परत ठेवून द्या.

आता बागायतदार. कलमाचा चाकू ही त्याला मनापासून आवडणारी भेट आहे, आणि फाल्कनसारख्या देशी बागकाम-अवजारांच्या कंपन्यांचा घडीचा चाकू काही शे रुपयांत येतो. याच्या पात्याला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काडीवरचा काप आरशासारखा सपाट निघतो आणि खुंट (मुळांचं रोप) व त्यावर बसवायची कलमकाडी यांच्या सालीआतला हिरवा थर एकमेकांना पूर्ण चिकटतो. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या साध्या चाकूने काप मधे खोलगट होतो, फटीत हवा राहते आणि कलम वाळतं. आंब्याचं कोय कलम किंवा मृदकाष्ठ कलम करणाऱ्याला नुसतं सरळ पातं पुरतं. संत्र्याचे डोळे जंबेरी या लिंबाच्या खुंटावर भरणाऱ्याला साल उचलायची चपटी जीभ असलेला चाकू लागतो, तो वेगळा मागून घ्यावा. डावखुऱ्याला उलट्या बाजूने धार लागते, ती सहज मिळत नाही. आणि हे पातं दगडावर फक्त उतरत्या बाजूने घासायचं, सपाट बाजू शेवटी एकदा दगडावर पालथी टेकवून वळलेली कड काढायची, बस. हे न सांगता दिलं तर पहिल्याच धारेला तो साधा चाकू होतो.

दुकानात कोणताही घडीचा चाकू हातात आला की पाच मिनिटं द्या, दुकानदार घाई करत असला तरी. पातं अर्धं मिटून वरून बघा: ते खाचेच्या मधोमध उतरतंय की एका भिंतीला घासतंय? पूर्ण उघडून मूठ एका हातात घट्ट धरा आणि पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित डुलतं ते चालेल, ‘टक टक’ आवाज येतो ते नको. मग धार वर करून दिव्याखाली धरा. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे ती बोथट आहे किंवा तुटलेली आहे. पातं मिटून मुठीच्या कडेवरून कापड फिरवा. अडकलं तर टोक वर राहिलंय, आणि ते पहिल्याच आठवड्यात खिसा फाडणार. शेवटी वर्तमानपत्राचं पान एका हाताने लोंबतं धरून वरून खाली कापा. कापण्याऐवजी फाटलं तर धार नीट नाही.

लॉक असेल तर तोही तपासा. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, उघड्या पात्याची पाठ लाकडी टेबलावर बेताने दाबा. स्वस्त काळ्या चाकवांत मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याखाली येते आणि तेवढाच लॉक असतो. पट्टी पात्याच्या बुडावर जेमतेम कडेलाच टेकत असेल तर दाबल्यावर सुटते.

पोलादाबद्दल दुकानदार नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणाला तर ते उत्तर नव्हे. खोक्यावर 12सी27, 1.4116, 420एचसी किंवा 8सीआर13एमओव्ही या पोलादाच्या जातींपैकी काही लिहिलेलं असेल तर या किमतीत समाधान माना. 420जे2 आणि 3सीआर13 मऊ असतात, धार लवकर वळते. कठीणपणा रॉकवेल मापावर 55 ते 58 असावा. त्याहून मऊ असेल तर रोज धार लावा, आणि फार कठीण असेल तर घरच्या दगडाला दाद देत नाही. सातशे रुपयांतलं ‘दमास्कस’ (थरांच्या लहरी दिसणारं पोलाद) म्हणजे बहुतेकदा साध्या पात्यावर उमटवलेली नक्षी.

कायद्याचंही बघून ठेवा, कारण भेट घेणारा तो खिशात घालून फिरणार. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपले चाकू याच्या खूप आत बसतात. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सण-मोर्च्यांच्या काळात मनाई आदेश निघतात, तेव्हा चाकू घरीच ठेवावा. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेमुळे बटणाचे, स्प्रिंगने उघडणारे 7.62 सेंटिमीटर आणि त्याहून लांब पात्याचे चाकू अडचणीत आणतात. बटण दाबताच फटकन उघडणारा रामपुरी थाटाचा चाकू कुठेच भेट देऊ नका. विमानात कोणताही घडीचा चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, फक्त चेक-इन सामानात. लंडनच्या भाच्यासाठी नेत असाल तर लॉक नसलेला, 3 इंचांपेक्षा कमी पात्याचाच न्या. तिथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगायला तेवढीच मुभा आहे. ओपिनेल 8 तिथे लांबीनेही चुकतो आणि कडीनेही.

बांधणीत फार काही नाही. खोक्यात मऊ कापडाचा तुकडा आणि छोटा दगड ठेवा. चाकू-कात्री हातात देऊ नये, भांडण होतं, असं मानणारं घर असेल तर खोकं चौरंगावर ठेवा आणि एक रुपया घ्या, म्हणजे ती भेट न राहता विक्री होते. सोबत चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: मिटताना बोटं खाचेच्या वाटेत ठेवू नका. दगडावर पातं साधारण 20 अंशांत धरा, म्हणजे काटकोनाच्या निम्म्याच्या निम्म्याहून थोडं कमी. आणि सायकलवरच्या धारवाल्याला हा चाकू देऊ नका, त्याच्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत तापलं की एवढ्या पातळ पात्याचं पाणी उतरतं.