मागची झाडी गरगरवणारी जुनी पोर्ट्रेट लेन्स: ती कशी वापरावी

जुन्या धाटणीच्या लेन्सनं काढलेला पोर्ट्रेट लगेच ओळखू येतो. चेहरा जागच्या जागी स्थिर असतो आणि त्याच्याभोवतीची पानं, फांद्या, कवडसे जणू भोवऱ्यात सापडलेले असतात. लेन्स कॅमेऱ्याला लावली की हा भोवरा आपोआप मिळतो, असा अनेकांचा समज असतो, आणि माझाही होता. पहिल्या दिवशी मी भरपूर फोटो काढले, पण एकातही भोवरा आला नाही, कारण प्रत्येक फोटोत मागे एकतर कोरी भिंत होती किंवा मोकळं आकाश. फिरायला तिथे काहीच नव्हतं. तेव्हापासून मी आधी मागची जागा शोधतो आणि मगच समोरच्याला तिथे उभं करतो. पुढचं सगळं याच क्रमानं सांगतो.

भोवरा येतो कुठून

1840 मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास पोर्ट्रेटसाठी एक लेन्स गणितानं आखली आणि फोइग्टलेंडर कंपनीनं ती बनवली. तिचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) साधारण एफ/3.6 होतं, म्हणजे त्या काळच्या मानानं फारच मोठं (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). त्यामुळे फोटोसाठी माणसाला ताटकळत बसावं लागण्याचा वेळ खूपच कमी झाला. ही लेन्स मध्यभागी रेखीव होती, पण कडेला फोकसचं प्रतल, म्हणजे जिथलं सगळं स्पष्ट दिसतं ती पातळी, सपाट न राहता वाटीसारखं वळायचं. लोमोग्राफी या कंपनीनं 2013 मध्ये हीच रचना 85 मिमी एफ/2.2 अशा नव्या रूपात परत आणली. सोव्हिएत बनावटीची हेलिओस 44-2 ही 58 मिमी एफ/2 लेन्स वेगळ्या घराण्यातली, जर्मन बायोटार लेन्सवर बेतलेली आहे, पण भोवरा तीही छान देते. माझ्याकडे हेलिओस असल्यामुळे खालचे आकडे तिचेच आहेत.

लेन्सच्या समोरून येणारा प्रकाश पूर्ण आत शिरतो. तिरका येणारा प्रकाश मात्र पुढच्या आणि मागच्या कडांवर कापला जातो. त्यामुळे फोटोच्या मध्यभागी गोल दिसणारा प्रकाशाचा ठिपका कडेकडे सरकत जाताना बदामासारखा चपटा होतो. या बदामांची लांब बाजू मध्याभोवती गोल फेर धरते, म्हणून सगळं फिरत असल्याचा भास होतो. अ‍ॅपर्चर एफ/4 पर्यंत बंद केलं की ठिपके पुन्हा सारखे होतात आणि फेर मोडतो. म्हणून लेन्स पूर्ण उघडीच ठेवायची.

लेन्स बसवताना

हेलिओस 44-2 ला एम42 मापाचे आटे असतात, म्हणजे ती कॅमेऱ्यावर फिरवून बसवायची. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) मात्र अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसेल तर दूरचं फोकस लागत नाही. पोर्ट्रेटच्या अंतराला त्यानं अडत नाही. मेन्यूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू देणारा पर्याय सुरू करा. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरण्याची सोय) असेल तर फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, 58 भरा. शक्य असेल तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा वापरा, कारण भोवरा कडेला असतो आणि लहान सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो.

जुनी लेन्स विकत घेताना ती टॉर्चच्या उजेडात आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, अशी लेन्स घेऊ नका.

मागची जागा

मागे बारीक आणि खूप तपशील हवा, शिवाय त्यात उजेड-अंधाराचा फरकही हवा. पानांमधून आकाशाचे तुकडे दिसणारी झाडी सगळ्यात उत्तम. वेलींनी भरलेलं कुंपण, ओल्या पानांवरची चमक, संध्याकाळचे दिव्यांचे ठिपके हेही चालतात. सपाट हिरवळ किंवा एकरंगी पडदा मागे असेल तर कुठलीही लेन्स सारखीच दिसेल. झाडी फोटोच्या चारही बाजूंना पोचली पाहिजे. फक्त वरच्या अर्ध्यात पानं आणि खाली रस्ता असेल तर फेर अर्धवट राहतो. अशा वेळी मी गुडघ्यावर बसतो किंवा एखाद्या पायरीवर चढतो, म्हणजे रस्ता फोटोबाहेर जातो.

अंतरावर बराच खेळ आहे. माझा अनुभव असा की माणूस दीड ते दोन मीटरवर आणि झाडी त्याच्या मागे चार ते आठ मीटरवर असली की भोवरा सगळ्यात ठसठशीत येतो. झाडी फार जवळ असेल तर पानं पानंच राहतात. फार लांब असेल तर ठिपके मोठे होऊन एकमेकांत मिसळतात आणि नुसता मऊ रंग उरतो. माणसाला जागेवरच ठेवा, स्वतः एक-एक पाऊल मागेपुढे व्हा आणि स्क्रीनवर कडेचे ठिपके बघत राहा. बदाम दिसू लागले की थांबा.

फोकस

एफ/2 वर दीड मीटरला फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढं स्पष्ट दिसतं ते अंतर, जेमतेम आठ सेंटीमीटर असते. एक मीटरला ती साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान धूसर. फोकस हातानंच करायचा असतो. रंगीत कडा दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर मी इथे भरवसा ठेवत नाही. जवळच्या डोळ्यावर चित्र मोठं करून घ्या आणि रिंग सावकाश फिरवा. आधी भुवईचे केस उमटतात, मग पापण्या सुट्या होतात, मग बुबुळातला उजेडाचा ठिपका टोकदार होतो. तिथेच शटर दाबा. तेवढ्यात समोरचा माणूस थोडासा डोलतोच, म्हणून रिंग स्थिर ठेवून तीन-चार फोटो सलग घ्या.

चेहरा मध्याजवळ ठेवा. मध्यावर फोकस करून मग कॅमेरा बाजूला वळवायची सवय इथे घात करते, कारण फोकसचं प्रतल वळलेलं असतं आणि बाजूला गेलेला चेहरा त्यातून निसटतो. चेहरा बाजूला हवाच असेल तर आधी चौकट ठरवा आणि फोकस चेहऱ्याच्या त्या जागेवरच करा.

उजेड

उघड्या अ‍ॅपर्चरला भर उन्हात शटर स्पीड अपुरा पडू शकतो. तेव्हा सावलीत जा किंवा 49 मिमीचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. जुन्या लेन्सवरचं कोटिंग साधं असतं. सूर्य थेट काचेवर आला की सगळा फोटो फिकट होतो, तेव्हा हूड लावा किंवा तळहाताची आड धरा. झाडीमागून येणारा उजेड मात्र जरूर घ्या, कारण ठिपके त्यातूनच तयार होतात.

नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवावा लागतो. कडांचा काळपटपणा काढू नका, चेहरा त्यानंच उठून दिसतो. क्रॉप करणंही शक्यतो टाळा, कारण चारही बाजूंनी थोडंसं कापलं तरी आधी भोवराच जातो.