वजनाच्या ऑपरेशनची तयारी ताटापासून: या चुका टाळा

वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायच्या माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि अमळनेरपासून शिरपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांत निरोप गेला. पुढच्याच रविवारी मावशीनं वरण-बट्टीचा बेत केला. तुपात सोडलेल्या बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी, वरून परत तुपाची धार. "खाई ले व माय, मंग कव्हय खाशी?" म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाल्लं. मग मामांकडे खापरावरचे मांडे आणि आमरस झाला, शेजारच्या काकूंनी शेवभाजीचा डबा दिला. तीन आठवड्यांनी तपासणीला गेले तर वजन पावणेतीन किलोनं वाढलेलं. डॉक्टरांनी तारीख महिनाभर पुढे ढकलली.

"आता शेवटचंच, खाऊन घे" ही सगळ्यात मोठी चूक. मायेपोटी होते, म्हणून ती टाळणं अवघड जातं. मला तेव्हा वाटायचं की ऑपरेशननंतर वजन उतरणारच आहे, आधीच्या दोन-तीन किलोंनी काय फरक पडतो? फरक पडतो तो लिव्हरमुळे, आणि हे मला कुणीतरी आधी नीट सांगायला हवं होतं.

लिव्हरचा डावा भाग जठराच्या वर पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर नीट दिसत नाही. वजन जास्त असलेल्या बऱ्याच जणांचं लिव्हर चरबीनं फुगलेलं, जड असतं. उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणूनच ऑपरेशनआधी दोन ते चार आठवडे कमी पिठाचा, कमी साखरेचा आणि जास्त प्रोटीनचा आहार देतात. बहुतेक ठिकाणी तो दिवसाला ८०० ते १२०० कॅलरींचा असतो. लिव्हर साखरेचा साठा पाण्यासकट धरून ठेवतं. पीठ-साखर कमी झाली की तो साठा आणि त्यासोबतचं पाणी आधी उतरतं, चरबीही घटू लागते, आणि लिव्हर लहान होतं. मधेच एका लग्नात पंगतीला बसलात तर साठा परत भरायला लागतो. म्हणून या दिवसांत "एवढ्यानं काय होतं" म्हणू नका.

उलट टोकाची चूकही मी पाहिली आहे. काही जण घाबरून नुसतं लिंबूपाणी आणि उपवास सुरू करतात. उपवास म्हणजे आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, म्हणजे जे कमी करायचं नेमकं तेच. आणि काहीच न खाल्लं तर अंगातले स्नायू झिजतात. ऑपरेशननंतर जखमा भरून यायला प्रोटीन लागतं, तेच कमी पडतं.

वरण म्हणजे प्रोटीन, हा गैरसमज

आपल्या शाकाहारी घरांत सगळ्यात जास्त गडबड इथे होते. "आम्ही रोज वरण खातो की!" असं मीही आहारतज्ज्ञ बाईंना म्हणाले होते. त्यांनी मला घरी जाऊन डाळ मोजायला सांगितली. आमच्या पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम २५ ग्रॅम कोरडी डाळ निघाली, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. दिवसाला लागतं किमान ६० ग्रॅम. एवढ्या वरणावर ते कसं भागणार?

मग मी हिशेब असा बसवला. सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी, साधारण १५. संध्याकाळी १०० ग्रॅम पनीर, १८ च्या आसपास. रात्री ४० ग्रॅम मुगाच्या डाळीचं चमचा उभा राहील इतकं घट्ट वरण, नऊ-दहा. वर दीडशे ग्रॅम दही. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर, दही आणि सोया वाढवावा, लागलं तर डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर घ्यावी. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

कळण्याच्या भाकरीबद्दल मला नेहमी विचारतात. ज्वारीत उडीद असतो म्हणून ती साध्या भाकरीपेक्षा पौष्टिक, हे खरंच. पण शेवटी ते पीठच, तेव्हा या दिवसांत तीही सांगितली असेल तेवढीच, मोजून. भरीत मात्र मनापासून खा. वांगी भाजायची, पातीचा कांदा आणि लसूण-मिरची ठेचून घालायची. फक्त तेल हात राखून. आमच्याकडे फोडणीला तेल पळीनं पडतं. एकदा ती पळी मी चहाच्या चमच्यानं मोजली, सहा चमचे भरले. एका चमच्यात ४५ कॅलरी धरल्या तर एका पळीत दीड भाकरी होते. शेवभाजीत तर तर्री वेगळी आणि तेलात तळलेली शेव वेगळी.

आणखी एक. घरात माझ्यासाठी वेगळं शिजवायला मी लावलं होतं, ते दहा दिवसांत कोलमडलं. सासूबाई थकल्या, आणि बाकीच्यांच्या ताटातल्या पुऱ्या बघून माझाही जीव कासावीस व्हायचा. मग भाजी सगळ्यांची एकच, कमी तेलाची. ज्याला हवं त्यानं ताटात वरून तेल घ्यावं.

शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवणं

ही चूक जिवावर बेतू शकते. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या, तर शुगर एकदम घसरते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या. त्या क्षणी डाएटचा विचार करू नका. आहार सुरू करायच्या आधीच मात्रा बदलून घ्या, आणि घरी ग्लुकोमीटर ठेवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण कमी खाण्यात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना. पण काहीही बंद किंवा कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, वजन उतरवायचं चूर्ण, गावच्या वैद्यांचा काढा, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर मांडा. लपवू नका. बी१२, डी आणि लोहाची तपासणीही आधीच होऊ द्या. शाकाहारी माणसांत बी१२ बऱ्याचदा आधीच कमी असतं, आणि ऑपरेशननंतर ते अजून घटतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या पुढे जन्मभर घ्याव्या लागतात. बायकांनी हेही लक्षात ठेवावं की ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात.

तंबाखू

किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. बिडी-सिगारेटनं फुफ्फुसं आणि भूल दोन्हीचा धोका वाढतो, जखम उशिरा भरते, आणि बायपासनंतर (म्हणजे हृदयाचं नव्हे, जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) जोडणीपाशी अल्सर होऊ शकतो. गुटखा, मळून खाल्लेली तंबाखू, बायका दाताला लावतात ती मिश्री आणि तपकीर, हेही सांगायचं आणि सोडायचं. "मी कुठं ओढते?" म्हणून मिश्रीबद्दल गप्प राहिलेल्या बायका मला माहीत आहेत.

सवय नंतर लागेल, असं म्हणणं

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी, केळ्याच्या आकाराची नळी. रावेर-यावलच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या नळीत भराभर गिळलेला घास टाकला तर छातीत दाटतं, उलटी होते. चावून खाण्याची सवय आधीच लागलेली हवी.

मी महिनाभर आधी मोठं ताट बाजूला ठेवून नाश्त्याची बशी आणि लेकराचा चमचा घेतला. समोर घड्याळ. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवण वीस मिनिटांच्या आत संपवायचं नाही. पहिल्या दिवशी सात मिनिटांत बशी रिकामी झाली, तेव्हा आपण इतकी वर्षं कसे जेवत होतो ते कळलं.

त्याहून अवघड गेलं ते जेवताना पाणी न पिणं. ठेचा खायचा आणि घासागणिक तांब्या तोंडाला लावायचा, ही आपली जुनी खोड. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, हे जमायला मला पंधरा दिवस लागले. ठेचा कमी केला तेव्हाच जमलं. एरवी दिवसभर घोट-घोट पाणी प्यायचा सराव करा, कारण ऑपरेशननंतर तांब्याभर पाणी एकदम पिताच येत नाही आणि दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जावं लागतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तारीख आपल्या हातात असेल तर एप्रिल-मे टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नसराईही असतेच.

सोडा आणि कोल्ड्रिंक बंद. चहातली साखर एकदम तोडण्यापेक्षा आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले, ते टिकलं. गोडाचं बायपासवाल्यांनी जास्त मनावर घ्यावं. नंतर पुरणपोळी किंवा आमरस पोटात गेला की घाम, मळमळ, जुलाब, चक्कर असा त्रास होऊ शकतो.

आणि आदल्या रात्रीची गोष्ट. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी पहाटे पाच वाजता अर्धा कप चहा घेतला होता. "चहा तर पाण्यासारखाच असतो ना," त्या म्हणाल्या. दुधाचा चहा, ताक, दूध हे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हिशेबात पाणी नव्हे. त्यासाठी साधारण सहा तास मोकळं पोट लागतं, साध्या पाण्यासाठी दोन तास. भुलेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर येतं, म्हणून त्यांचं ऑपरेशन त्या दिवशी झालंच नाही. शेवटचं जेवण किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता, सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या चहाच्या डब्यावर चिकटवा.