तीस बाय चाळीसचं घर: नकाशा काढायला बसण्याआधी

कराडजवळ आमचा प्लॉट आहे, ३० बाय ४० फुटांचा. १२०० चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्यापेक्षा (१०८९ चौरस फूट) जेमतेम शंभरेक फूट जास्त. राहणारी माणसं सहा: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आमचा नकाशा पाच वेळा बदलला. पहिले तीन बदल खोल्या इकडच्या तिकडे करण्यात गेले. घर खरं सुधारलं ते शेवटच्या दोन बदलांत, कारण त्याआधी आम्ही महिनाभर भाड्याच्या घरात टेप घेऊन आपलंच राहणं मोजलं होतं. त्या महिन्यात काय काय केलं, ते इथे लिहून ठेवते. लहान प्लॉटवर बांधणाऱ्यांनी इंजिनियरकडे जाण्याआधीच हे करून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी कागद. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) एका फायलीत लावा. मोजणी झाली असली तरी हद्दीचे दगड स्वतः बघून या. आमचा एका कोपऱ्यातला दगड आठ इंच आत आला होता. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन खुणा पुन्हा दाखवून घेतल्या तेव्हा तो जागेवर गेला. मग सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती हद्दीपर्यंतची मोकळी जागा, किती सोडायची, हे लेखी घ्या. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यात २०२०च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी परवानगीची पद्धत सोपी केली आहे. आमचा प्लॉट १११.५ चौरस मीटरचा, त्यामुळे तो त्यात बसला. पद्धत सोपी झाली म्हणून मोकळी जागा सोडणं माफ होत नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर कोणीतरी 'एवढं तीन फूट पुढे घेऊ' म्हणत राहतं आणि नकाशा पुढे सरकत नाही.

आता वहीत एक हिशेब मांडा. आमच्याकडे पुढे दहा, मागे पाच आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडायचे ठरले. उरले २० बाय २५, म्हणजे ५०० चौरस फूट. बाहेरच्या भिंती नऊ इंची धरल्या तर आत साडेअठरा बाय साडेतेवीस उरतात, साधारण ४३५. म्हणजे ६५ फूट भिंतीच खातात. कॉलम-बीमचं बांधकाम असल्यानं आम्हाला सहा इंची ब्लॉक चालणार होते. तसं केल्यावर आत ४५६ फूट मिळाले. हे २१ फूट म्हणजे चार बाय पाचची एक अख्खी मोरी. पश्चिमेची भिंत मात्र नऊ इंचीच ठेवली. त्यात पाचेक फूट गेले, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर त्या भिंतीला हात लावून पाहिला की ते गेलेले फूट खटकत नाहीत. एक गोष्ट इंजिनियरला आत्ताच विचारून ठेवा: भिंत सहा इंचाची आणि कॉलम नऊ इंचाचा, तर तो तीन इंच कुठे बाहेर येणार? आमचा एक कॉलम नेमका कपाटाच्या कोपऱ्यात येत होता. कागदावर होता तोवर कपाटाची जागा बदलून भागलं.

पुढचं काम सामानाचं. राहत्या घरातली प्रत्येक मोठी वस्तू मोजा, आणि ती वापरताना जेवढी जागा घेते तीही मोजा. लोखंडी कपाट तीन फूट रुंद आणि दीड फुटापेक्षा थोडं जास्त खोल असतं, पण दार उघडून समोर माणूस उभा राहिला की ते चार-साडेचार फूट घेतं. फ्रिजचं दार, वॉशिंग मशीनचं झाकण, पलंगाखालचा ओढायचा कप्पा, शिलाई मशीन आणि त्यापुढचं स्टूल, स्कूटर आणि ती वळवायला लागणारी जागा, सगळं असंच मोजा. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतून एक फुटाला एक सेंटिमीटर अशा मापानं आम्ही सगळ्या वस्तूंचे तुकडे कापले आणि नकाशावर मांडले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय सव्वासहाचा पलंग, कपाट आणि दार मांडून बघा. 'दहा बाय दहा पुरे' असं आपण किती सहज म्हणतो ते कळतं. खोली एक फुटानं मोठी करण्याऐवजी दार सहा इंच सरकवून प्रश्न सुटतो, हेही तिथेच कळतं. दारामागे कपाट जेवढं खोल तेवढी भिंत ठेवा, दोन फूट तरी.

वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी या यादीत हमखास विसरतात. आमच्याकडे वर्षाचे गहू-ज्वारी भरतात, तांदळाची पोती येतात. गौरी-गणपतीत हॉलचा एक कोपरा पाच-सात दिवस अडतो आणि तेव्हाच पाहुणेही जास्त. उन्हाळ्यात कुरडया-पापड गच्चीवर जातात, दिवसातून चार फेऱ्या होतात. धान्याच्या कणग्यांना जिन्याखालची जागा, आरास मांडायला ज्या भिंतीत दार-खिडकी नाही अशी एक भिंत, आणि गच्चीवर जाताना हातात सूप असलं तरी चालेल असा जिना, या तीन गोष्टी आम्ही नकाशाच्या वरच लिहून दिल्या होत्या.

मग आठवडाभर सकाळी सहा ते साडेआठ कोण कुठे आहे, ते लिहून काढा. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. सहा जणांच्या घरात खरी टंचाई खोल्यांची नव्हती, ती या अडीच तासांत संडास-बाथरूमची होती. एक जण आंघोळीला गेला की पाच जण थांबलेले. पहिल्या नकाशात वरच्या मजल्यावर एकत्र संडास-बाथरूम होतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेतली किमान मापं पाहिली तर एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर, आणि वेगवेगळं असेल तर बाथरूम १.८ व संडास १.१, म्हणजे २.९. फरक अवघ्या एका चौरस फुटाचा, वर मधली एक भिंत. तेवढ्यात एकाच वेळी दोन माणसांची सोय होते, आणि बेसिन बाहेर काढलं की तिसऱ्याचीही. वर आम्ही वेगळं केलं. खाली मात्र मुद्दाम एकत्र ठेवलं, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि कधी आधार द्यायला दुसऱ्या माणसाला आत जावं लागतं. तिथलं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं, उंबरठा नाही, आणि धरायची दांडी बसेल अशी कमोडशेजारची भिंत भक्कम. घरात म्हातारं माणूस असो वा नसो, खाली एक झोपायची खोली आणि जवळच संडास असू द्या. पाय मोडतो, बाळंतपण येतं, ऑपरेशन होतं. त्या दिवसांत जिना चढायला लावणं हाल आहेत.

जिन्याला स्वतंत्र संध्याकाळ द्या. लहान घरात सगळ्यात जास्त जागा खाणारी आणि सगळ्यात कमी विचार केलेली गोष्ट हीच. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच. पायरी सात इंच उंच धरली तर १७ पायऱ्या होतात. संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि पाऊल ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच आहे. जागा वाचवायला साडेसातपर्यंत जायचा मोह होतो. आम्ही उलट गेलो: १८ पायऱ्या केल्या, प्रत्येकी पावणेसात इंचांपेक्षाही थोडी कमी. वाढली एक पायरी, गेले फक्त दहा इंच. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसाला दोन-तीन ओळखीच्या घरांचे जिने चढायला लावा आणि जो बरा वाटेल त्याची पायरी मोजून आणा. मधे वळणाचा जिना साधारण सव्वासहा बाय पावणेदहा फूट घेतो, म्हणजे साठएक चौरस फूट. ते प्रत्येक मजल्यावर जातात. जिन्याखाली संडास बसवू असं कोणी म्हटलं तर उंची मोजायला लावा. वळणाचा टप्पा निम्म्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर असतो. त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की माणूस उभा राहत नाही. मग खोदून खाली घेतात आणि तिथलं पाणी बाहेर जायला उतार मिळत नाही. तिथे कणग्या, इन्व्हर्टर, केरसुणी-बादल्या ठेवा. वळणावरून पलंगाची पाठ आणि कपाट वर जाईल का, हेही त्या कागदी तुकड्यांनी बघून घ्या.

रंगीत पेन्सिल घ्या आणि नकाशात जिथे फक्त चालायचं आहे, काही ठेवता येणार नाही, तेवढी जमीन रंगवा. आमच्या दुसऱ्या नकाशात तीन बाय चौदाचा बोळ होता. ४२ चौरस फूट, आतल्या जागेचा जवळजवळ दहावा भाग, आणि त्यात ट्यूबलाइट दिवसाही लावावी लागली असती. तो काढायला भिंती फारशा हलल्या नाहीत. सासूबाईंच्या खोलीचं, बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं अशी तिन्ही दारं हॉलच्या एकाच कोपऱ्याकडे आणली, आणि वाट त्या कोपऱ्यातून गेली. बाथरूमचं दार मात्र हॉलमधल्या बैठकीसमोर येणार नाही असं वळवून घ्या. आम्ही तिथे दोन फुटांची आडभिंत घातली आणि तिला लागून बेसिन बसवलं.

स्वयंपाकघरासाठी जी बाई किंवा जो माणूस रोज उभा राहतो त्याची उंची सांगा. ओटा बत्तीस इंचांचा करायची सवय आहे. मला चौतीस लागतात, हे मी वीट रचून, वर परात ठेवून, कणीक मळून पाहिलं. ओटा आणि समोरची भिंत किंवा फडताळ यांत साडेतीन फूट हवेत, दोघी काम करत असतील तर चार. भांडी घासायची मोरी कुठे, ओला कचरा कुठे, सिलिंडर बदलायला येणारा माणूस कोणत्या दारानं येतो, ही उत्तरं तयार ठेवा.

उजेडाचा विचार शेजारचा प्लॉट भरल्यासारखा करा. आज तिकडे मोकळं गवत असेल, पण पाच वर्षांनी तिथे दोन मजले उभे राहतील आणि तुमच्या खिडकीसमोर दहा फुटांवर त्यांची भिंत येईल. म्हणून रोजच्या बसण्याच्या खोल्यांना रस्त्याकडचा किंवा मागचा उजेड द्या, आणि बाजूच्या खिडक्यांवर बाथरूम-जिना चालवा. आमचा रस्ता पश्चिमेला. तिकडूनच पाऊस झोडपतो आणि तिकडूनच ऊन येतं, म्हणून पुढच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा आहे. जिनाही त्याच बाजूला घेतला. उन्हं आधी तो झेलतो. गावठाणातली अरुंद, दोन्ही बाजूंनी चिकटलेली जागा असेल तर मधे चार बाय पाचचा तरी उघडा चौक सोडा. जुन्या वाड्यांतल्या चौकाचं काम तो लहान प्रमाणात करतो: आतल्या खोल्यांना उजेड देतो आणि गरम हवा वर काढतो.

वास्तूबद्दल घरात पहिल्याच दिवशी मोकळेपणानं बोला. सासऱ्यांना चूल आग्नेयेला आणि देवघर ईशान्येला हवं होतं. बाकी कशाचा आग्रह नव्हता. हे आधी विचारलं असतं तर एक नकाशा वाचला असता. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दोन-तीन गोष्टी पक्क्या सांगाव्यात आणि उरलेल्या मोकळ्या सोडाव्यात, कारण एवढ्या जागेत आठही दिशा जुळत नाहीत.

पाण्याचं अगदी थोडक्यात: वरचं बाथरूम खालच्याच्या डोक्यावर घ्या, आणि टाकी ज्या कॉलमांवर येणार ते आधी ठरवा. आणि गावात भुयारी गटार नसेल तर बोअरचा विचार दहादा करा. शोषखड्डा (संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १८ मीटर अंतर ठेवायला सांगतात. ३० बाय ४० च्या प्लॉटचा कर्णच ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर. एका कोपऱ्यात खड्डा आणि समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात बोअर घेतली तरी ते अंतर मिळत नाही. शिवाय शेजाऱ्यांची बोअर कुठे आहे तेही बघावं लागतं. आम्ही नळाच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाकी घेतली आणि बोअर सोडून दिली.

नकाशा पक्का वाटला की सही करण्याआधी प्लॉटवर फक्कीनं सगळ्या भिंती आखून घ्या, दारांसकट. घरातल्या सगळ्यांना संध्याकाळी तिथे न्या. खुर्ची, खाट, दोन पाट घेऊन जा. सासूबाई त्यांच्या खोलीच्या चौकोनात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "इथून येणारं-जाणारं कोणी दिसत नाही." खिडकी उत्तरेच्या भिंतीत होती. ती कोपऱ्याकडे दोन फूट सरकवली आणि आता त्यांना फाटक दिसतं. मुलगा जिन्याच्या रेघांवरून पळाला आणि थेट हॉलच्या दारावर आपटेल असा निघाला. तिथे पहिली पायरी वळवून घेतली. खड्डे खोदल्यावर हे बदल पैशांचे होतात.

शेवटचं काम प्रतींचं. पक्क्या नकाशावर तारीख घाला आणि त्याच तारखेच्या प्रती गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला, प्लंबरला आणि वायरमनला द्या. एक घरात लॅमिनेट करून ठेवा. आधीच्या सगळ्या प्रती मागून घ्या आणि फाडून टाका. आमच्याकडे एका कामगाराच्या सायकलच्या पिशवीत दुसऱ्या नकाशाची घडी राहिली होती, आणि बोळाची एक भिंत जोत्यावर तीन थर चढलीसुद्धा होती.