साउंडबार आणि वायरलेस स्पीकर: सराउंड कुठे जोडायचे, ग्रुप कुठे करायचा

हॉलमध्ये साउंडबार, स्वयंपाकघरात एक वायरलेस स्पीकर, आतल्या खोलीत आणखी दोन. टीव्हीचा आवाज सगळीकडे हवा असेल तर ॲपमध्ये दोन वाटा दिसतात, आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते. खालचा तपशील सोनोसचा आहे. इतर कंपन्यांत नावं बदलतात, तत्त्व तेच राहतं.

एक वाट सराउंडची. एकाच मॉडेलचे दोन स्पीकर साउंडबारचे मागचे स्पीकर होतात. साउंडबार त्यांना थेट ५ गिगाहर्ट्झवर आवाज पाठवतो, म्हणून तो पडद्यावरच्या ओठांशी जुळतो. दुसरी वाट ग्रुपची. यात आवाज घरच्या वायफायवरून दुसऱ्या खोलीत जातो, वाटेत थोडा साठवला जातो आणि किंचित उशिरा वाजतो. म्हणून टीव्हीच्याच खोलीतले स्पीकर कधीही ग्रुप करू नका, ते सराउंड म्हणूनच जोडा. ग्रुप भिंतीपलीकडच्या खोल्यांसाठी ठेवा.

आधी केबल. साउंडबार टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलं आहे त्यालाच लावा. शेजारच्या पोर्टमधून आवाज येणार नाही. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयनं जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवू शकतील अशी सोय) चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक म्हणतात. डिजिटल आवाज ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर ठेवा. सेट-टॉप बॉक्सचा आवाज येत नसेल किंवा तुटत असेल तर तात्पुरतं ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करून पाहा. तेवढ्यानं आवाज आला, तर दोष केबलचा नाही, फॉरमॅटचा आहे.

मग वायफाय. सगळे स्पीकर एकाच नेटवर्कवर हवेत, गेस्ट नेटवर्क चालणार नाही. नागपुरात उन्हाळ्यात एक जास्तीची अडचण येते. खिडकीतला कूलर म्हणजे पत्र्याचा डबा आणि आत ओल्या ताट्या. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. राउटर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या रेषेत कूलर आला की मार्चपर्यंत नीट चालणारा ग्रुप एप्रिलात तुटायला लागतो. राउटर उंचावर, कूलरपासून दूर हलवा. राउटरच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो हातानं निवडा. जमत असेल तर साउंडबारला लॅन केबल द्या.

सराउंड जोडायला ॲपच्या सेटिंग्जमध्ये साउंडबारची खोली उघडा आणि सराउंड जोडण्याचा पर्याय निवडा. डावा-उजवा नीट ओळखून द्या, बसण्याच्या जागेपासूनचं अंतर भरा. नंतर बातम्या लावल्या आणि मागून काहीच ऐकू आलं नाही, तर घाबरू नका. बातम्या आणि बऱ्याच मालिका स्टिरिओत असतात, मागच्या स्पीकरना तिथे फारसं काम नसतं. तपासायला ५.१ आवाजाचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठी वेगवेगळा आवाज असलेला) सिनेमा लावा. गाणी मागूनही भरून हवी असतील तर सराउंडच्या संगीताची सेटिंग ‘फुल’ करा.

स्वयंपाकघराचा ग्रुप करणं दोन टिचक्यांचं काम आहे, खरा वेळ जुळवणीत जातो. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून बातम्या ऐका. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ७ मीटरवरच्या स्पीकरचा आवाज अंतरामुळेच २० मिलिसेकंद मागे पडतो. त्यात ग्रुपचा उशीर मिळाला की शब्द दुहेरी ऐकू येतात. हा उशीर पूर्ण घालवता येत नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर दाराकडे तोंड करून ठेवू नका आणि ग्रुपचा एकत्र आवाज वाढवण्याऐवजी त्याचा एकट्याचा आवाज कमी करा. आवाज मधेमधे गायब होत असेल तर ‘ग्रुप ऑडिओ डिले’ एक पायरी वाढवा. मात्र दारातला दुहेरीपणा तेवढाच वाढेल.

टीव्ही लावला की ग्रुप आपोआप मोडतो? ‘टीव्ही ऑटोप्ले’खालचा अनग्रुपचा पर्याय बंद करा. कूलरच्या घरघरीत संवाद बुडत असतील तर सगळा आवाज चढवू नका. ‘स्पीच एन्हान्समेंट’ चालू करा. नाइट साउंडनंही बारीक आवाज वर येतो आणि मोठे दबतात.

अलेक्सा किंवा गूगल होमच्या म्युझिक ग्रुपवर मात्र यासाठी विसंबू नका. तिथे गाणी सगळीकडे वाजतात, पण एचडीएमआयमधून साउंडबारला आलेला टीव्हीचा आवाज त्या ग्रुपमध्ये जात नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि सोनोसची वापराची मर्यादा ४० आहे. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत स्पीकर ठेवू नका.

लाइन जाऊन आली की काही स्पीकर ॲपमध्ये दिसेनासे होतात, कारण ते राउटरच्या आधी जागे होतात किंवा त्यांना नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळतो. राउटरमध्ये प्रत्येक स्पीकरचा पत्ता राखून ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. तरीही एखादा दिसला नाही तर आधी राउटर चालू करा, २-३ मिनिटं थांबा, मग साउंडबार आणि शेवटी बाकीचे स्पीकर. फॅक्टरी रिसेट करू नका, नाहीतर सगळी जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.